भिंतीच्या दोन्ही बाजूंचा मतदारसंघ : प्रस्तावना

लोकशाही राज्यांचे इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टी साहजिकच संसदेच्या सभागृहावर, मंत्रिमंडळांच्या उदयास्तांवर आणि पक्षनेत्यांच्या चरित्रांवर खिळलेली असते. परंतु राज्यसत्ता आणि सामान्य मनुष्य यांची जेथे प्रत्यक्ष गाठ पडते, जेथे रयतेचे नागरिक होतात किंवा व्हायचे राहून जातात, तो मतदारसंघ मात्र या इतिहासांत निकालाच्या कोष्टकातील एका ओळीपुरताच उरतो. त्या एका ओळीचा विस्तार करावा, आणि एकाच मतदारसंघाची हकीकत त्याच्या जन्मापूर्वीच्या काळापासून आजतागायत सांगून प्रतिनिधित्व म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचा शोध घ्यावा, या हेतूने पुढील प्रकरणे लिहिली आहेत. यासाठी निवडलेला मतदारसंघ जर्मनीच्या राजधानीतला आहे. त्याचे अधिकृत नाव 'बर्लिन-फ्रीडरिक्सहाइन–क्रॉइत्सबर्ग–प्रेन्त्स्लाउअर बेर्ग पूर्व' असे लांबलचक असून, त्या नावातच त्याचा इतिहास साठवलेला आहे. कारण त्यातील फ्रीडरिक्सहाइन आणि प्रेन्त्स्लाउअर बेर्ग हे मुलूख चाळीस वर्षे पूर्व जर्मनीच्या अमलाखाली होते, क्रॉइत्सबर्ग पश्चिम बर्लिनचा भाग होता, आणि या दोहोंच्या मधून १९६१ ते १९८९ या काळात ती जगद्विख्यात भिंत उभी होती.

या मतदारसंघाचा जन्म कागदोपत्री २००२ सालचा. त्या वर्षी जर्मन संसदेच्या, म्हणजे बुंडेस्टागच्या, मतदारसंघांची संख्या ३२८ वरून २९९ वर आणण्यात आली, बर्लिनच्या वाट्याचे मतदारसंघ तेरावरून बारा झाले, आणि पूर्वीच्या सरहद्दी पुसून नव्या आखताना श्प्रे नदीच्या दोन्ही तीरांवरील वस्त्या प्रथमच एका प्रतिनिधीच्या हवाली करण्यात आल्या. निदान त्या वेळी तसे मानले गेले. वस्तुतः हा संयोग प्रथमचा नव्हता. एकोणिसाव्या शतकात, जेव्हा भिंत कोणाच्या कल्पनेतही नव्हती, तेव्हा आजच्या फ्रीडरिक्सहाइनचा आणि क्रॉइत्सबर्गच्या पूर्व भागाचा बराचसा प्रदेश एकाच मतदारसंघात मोडत असे. त्यामुळे या मतदारसंघाची कथा २००२ पासून सांगणे म्हणजे ग्रंथ मधूनच उघडण्यासारखे होईल. तिचा आरंभ चान्सेलर बिस्मार्कच्या काळापासूनच करावा लागतो.

१८७१ साली जर्मन साम्राज्य स्थापन झाले तेव्हा त्याच्या संसदेसाठी, म्हणजे राइशस्टागसाठी, पंचवीस वर्षांवरील प्रत्येक पुरुषाला मताचा हक्क देण्यात आला. राज्यकारभाराची सूत्रे सम्राटाच्या आणि त्याच्या चान्सेलरच्या हाती ठेवून दिलेला हा हक्क अपुरा होता खरा, तथापि त्या काळच्या युरोपात तो विलक्षण व्यापक होता. पुढे ३९७ पर्यंत गेलेल्या एकसदस्य मतदारसंघांतून सभासद निवडले जात, आणि कोणालाही निम्म्याहून अधिक मते न मिळाल्यास पहिल्या दोघांत पुन्हा लढत होई. बर्लिनला सहा जागा होत्या. त्यांपैकी चौथा मतदारसंघ शहराच्या पूर्वेचा, कारखान्यांचा आणि मागच्या अंगणांभोवती रचलेल्या अंधाऱ्या चाळींचा होता. एकेका इमारतीमागे दुसरी, तिच्यामागे तिसरी अशी ओळ आणि प्रत्येक खोलीत एक कुटुंब, अशी तेथील वस्ती. या मतदारसंघाने १८७७ साली फ्रीडरिक विल्हेल्म फ्रिट्शे नावाच्या, आपल्याकडील विडीकामगारांसारख्या एका चिरूट-कामगाराला, सिगार वळणाऱ्यांची देशव्यापी संघटना उभारणाऱ्या समाजवादी पुढाऱ्याला, राइशस्टागमध्ये पाठविले, ही गोष्ट त्या काळी प्रस्थापितांना धक्का देणारी होती.

दुसऱ्याच वर्षी, १८७८ साली, बिस्मार्कने समाजवाद्यांविरुद्धचा कायदा संमत करून घेतला. सभा बंद झाल्या, वृत्तपत्रे बंद झाली, आणि बर्लिनमध्ये विशेष अंमल जारी करून पोलिसांना अनिष्ट वाटणाऱ्या माणसांना शहरातून हद्दपार करण्याचा अधिकार देण्यात आला. हद्दपार झालेल्यांत खुद्द फ्रिट्शे होते. म्हणजे ज्या शहराने त्यांना निवडून दिले त्याच शहरात पाऊल ठेवणे त्यांच्यासाठी गुन्हा ठरला. आणि संसदही त्याच शहरात भरत होती. १८७९ च्या आरंभी अधिवेशनासाठी ते परत आले, तेव्हा हुकूम मोडल्याबद्दल त्यांच्यावर आणि त्यांचे सहकारी हासेलमान यांच्यावर कारवाई करण्याची परवानगी सरकारने सभागृहाकडे मागितली. ज्या सभागृहाच्या बहुमताने तो जुलमी कायदा मंजूर केला होता, त्याच सभागृहाने ही परवानगी नाकारली. मतदारांनी पाठविलेल्या माणसाला त्याच्या आसनापासून दूर ठेवण्याचा अधिकार पोलिसांच्या हुकुमाला नाही, हे तत्त्व समाजवादाचा द्वेष करणाऱ्यांनीही मान्य केले. पुढच्या सगळ्या इतिहासावर प्रकाश टाकणारा हा प्रसंग आहे, म्हणून तो येथे विस्ताराने सांगितला.

फ्रिट्शे १८८१ साली अमेरिकेस निघून गेले. १८८४ साली या मतदारसंघाने पाउल झिंगर यांना निवडले, आणि १९११ साली मृत्यू येईपर्यंत ते त्याचे प्रतिनिधी राहिले. झिंगर हे स्त्रियांच्या कोटांच्या कारखान्याचे मालक, ज्यू कुटुंबात जन्मलेले, बर्लिनच्या बेघरांसाठी निवारा उभारणाऱ्या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक, आणि बेबेल यांच्या बरोबरीने सामाजिक लोकशाही पक्षाचे अध्यक्ष. अशा गृहस्थाला त्या चाळींतील कामगारांनी सत्तावीस वर्षे आपला मानावे, याचे कारण केवळ पक्षनिष्ठा नव्हे. १८८६ साली कामगारांच्या मंडळीत शिरलेल्या पोलिसांच्या एका गुप्त हस्तकाचे बिंग त्यांनी सभागृहात फोडले. त्याच वर्षी तेही हद्दपार झाले. शहरातून काढलेला हा माणूस शहराचा प्रतिनिधी म्हणून कायम राहिला, आणि पुढील निवडणुकीत मतदारांनी त्यालाच पुन्हा निवडून दिले. मतदारसंघाचे मन नकाशावरील रेषांनी घडत नाही, तर आपल्यासाठी कोणी काय सोसले याच्या स्मरणाने घडते, हे या दोन हद्दपारांच्या वृत्तांतातून जितके स्पष्ट होते तितके ते एखाद्या घटनाशास्त्राच्या ग्रंथातूनही होणार नाही.

परंतु या काळाची एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. साम्राज्याच्या संपूर्ण कारकीर्दीत मतदारसंघांच्या सरहद्दी लोकसंख्येनुसार एकदाही नव्याने आखल्या गेल्या नाहीत. खेडी ओस पडत गेली आणि शहरे फुगत गेली, तरी जागांची वाटणी तीच राहिली. परिणामी १९१२ साली शाउम्बुर्ग-लिपे या चिमुकल्या संस्थानातील दहा-अकरा हजार मतदारांना एक सभासद होता, आणि बर्लिनच्या वेशीवरील टेल्टोव-शार्लोटेनबुर्ग मतदारसंघातील तीन लाखांहून अधिक मतदारांनाही एकच. १९०७ साली समाजवादी पक्षाला देशभरातील सुमारे शेकडा २९ मते मिळूनही ३९७ पैकी केवळ ४३ जागा मिळाल्या. मताचा हक्क काढून न घेताही त्याचे मोल कमी करता येते, आणि त्यासाठी काही करावे लागत नाही, नुसते काही न करता बसले तरी पुरते, हा धडा जर्मन सत्ताधीशांनी जगाला घालून दिला.

या अन्यायाची प्रतिक्रिया १९१८ च्या क्रांतीनंतर उमटली. वायमार प्रजासत्ताकाने स्त्रियांना मताचा हक्क दिला, वयाची अट वीस वर्षांवर आणली, एकसदस्य मतदारसंघ साफ मोडीत काढले, आणि देशाचे ३५ विशाल विभाग पाडून पक्षांच्या याद्यांना मते देण्याची प्रमाणबद्ध पद्धती स्वीकारली. साठ हजार मतांमागे एक सभासद असा हिशेब ठरला. गणिताच्या दृष्टीने याहून न्याय्य व्यवस्था सापडणे कठीण. कोणाचेही मत वाया जात नव्हते. तथापि बर्लिनच्या पूर्व भागातील ज्या स्त्रीने १९२० नंतर मतपत्रिका हाती घेतली, तिच्यासमोर पक्षांची नावे होती, आणि आपल्या गल्लीचे गाऱ्हाणे कोणापुढे मांडावे याचे उत्तर मात्र त्या पत्रिकेत नव्हते. वायमारच्या पतनाचे सारे खापर या पद्धतीवर फोडणारे लेखक आहेत. मला ते मान्य नाही. महायुद्धातील पराभव, चलनाचा नाश, बेकारी आणि राष्ट्राध्यक्षाच्या विशेषाधिकारांचा गैरवापर यांना विसरून मतमोजणीच्या रीतीला आरोपी करणे हा इतिहासाशी अन्याय आहे. मात्र प्रतिनिधी आणि मतदार यांच्यातील ओळखीचा धागा त्या वर्षांत तुटला, हे नाकारता येणार नाही. १९३३ नंतर तर धागा तुटण्याचाही प्रश्न उरला नाही. निवडणूक हा एकाच यादीला होकार देण्याचा विधी झाला, आणि फ्रीडरिक्सहाइन या विभागाचे नावही बदलून नाझी पक्षाच्या 'हुतात्म्या'वरून 'होर्स्ट-वेसेल-श्टाट' असे ठेवण्यात आले.

साम्राज्य आणि वायमार या दोन्ही अनुभवांचे ओझे शिरावर घेऊन १९४८-४९ साली बॉन येथे पश्चिम जर्मनीच्या नव्या राज्यघटनेचा विचार झाला. त्यातून हळूहळू जी व्यवस्था सिद्ध झाली तिचे मर्म असे, की १९५३ पासून प्रत्येक मतदार दोन मते देतो. पहिल्या मताने तो आपल्या मतदारसंघातील एक व्यक्ती निवडतो. ज्याची मते सर्वांत अधिक तो विजयी. दुसऱ्या मताने तो पक्षाची यादी निवडतो, आणि संसदेतील पक्षांचे बलाबल या दुसऱ्या मतावर ठरते. पहिल्या मतात साम्राज्यकाळचा ओळखीचा चेहरा आहे आणि दुसऱ्या मतात वायमारचा हिशेबी न्याय आहे. फाटाफूट टाळण्यासाठी शेकडा ५ मतांची मर्यादा घातलेली आहे, आणि तीन मतदारसंघ जिंकणाऱ्या पक्षाला त्या मर्यादेतून सूट आहे. या साऱ्यावर घटनेच्या ३८ व्या कलमाचे छत्र आहे, ज्यानुसार सभासद हा समग्र जनतेचा प्रतिनिधी असून तो कोणाच्याही आदेशाने बांधलेला नाही, फक्त आपल्या विवेकबुद्धीला तो जबाबदार आहे.

याच सुमारास दिल्लीतही हाच प्रश्न चर्चिला जात होता, ही गोष्ट मराठी वाचकाने ध्यानात घ्यावी. १९४९ च्या जानेवारीत भारताच्या घटनासमितीत मध्यप्रांत व वऱ्हाडचे सभासद काझी सय्यद करीमुद्दीन यांनी लोकसभेसाठी प्रमाणबद्ध प्रतिनिधित्वाची दुरुस्ती मांडली. अल्पसंख्य मतांना आवाज मिळावा ही त्यांची तळमळ होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध करताना दोन मुद्दे पुढे केले: निरक्षर मतदारांच्या देशात ही पद्धती चालणे अवघड आहे, आणि तिच्यामुळे कायदेमंडळाचे इतके तुकडे होतील की स्थिर सरकार टिकणार नाही. आपण एक वाट निवडली, जर्मनांनी दोन वाटांचा संगम साधण्याचा प्रयत्न केला. कोणती निवड श्रेष्ठ, याचा निकाल देण्याची घाई न करता त्या संगमाचे प्रत्यक्ष फळ एका लहानशा भूभागात कसे आले, ते पाहणे अधिक उपकारक आहे.

आणि येथेच इतिहासाची मोठी विसंगती समोर येते. ही सारी सुंदर रचना बॉनमध्ये उभी राहिली तेव्हा आपला मतदारसंघ तिच्या बाहेर होता. फ्रीडरिक्सहाइन सोव्हिएत विभागात गेले आणि क्रॉइत्सबर्ग अमेरिकन विभागात. दोस्त राष्ट्रांनी बर्लिनवरील अखेरचा अधिकार आपल्याकडे राखल्यामुळे पश्चिम बर्लिनमधील नागरिकांना १९९० पर्यंत बुंडेस्टागच्या निवडणुकीत मत देता येत नसे. शहराच्या विधानसभेने निवडलेले बावीस सभासद बॉनला जात, भाषणे करीत, समित्यांत बसत; परंतु कायद्यांवरील निर्णायक मतदानात त्यांचे मत धरले जात नसे. पूर्वेकडे निवडणुका होत, पण त्या 'राष्ट्रीय आघाडी'च्या एकाच ठरलेल्या यादीवर शिक्का मारण्यापुरत्या. एकीकडे मताशिवाय लोकशाही, दुसरीकडे लोकशाहीशिवाय मत, अशी या जुळ्या वस्त्यांची स्थिती होती.

ज्यांना प्रतिनिधी नसतो त्यांना रस्त्यावर यावे लागते. १६ जून १९५३ रोजी फ्रीडरिक्सहाइनमधील स्टालिन मार्गावरच्या बांधकामावरील गवंडी आणि त्यांचे सोबती हत्यारे खाली ठेवून मंत्रालयाकडे निघाले, ते कामाचा दंडक शेकडा १० ने वाढविल्याच्या तक्रारीवरून. दुसऱ्या दिवशी तो उठाव पूर्व जर्मनीभर पसरला, त्याच्या तोंडी मुक्त निवडणुकांची मागणी आली, आणि सोव्हिएत रणगाड्यांनी तो चिरडला. पश्चिम तीरावरची कथा निराळी, पण तितकीच बोलकी. १९६१ च्या कराराने तुर्कस्तानातून आलेले मजूर भिंतीलगतच्या, घरभाडे कमी असलेल्या क्रॉइत्सबर्गमध्ये वसले. तेथे श्प्रे नदीचे सारे पात्र, थेट क्रॉइत्सबर्गच्या धक्क्याच्या दगडापर्यंत, पूर्व जर्मनीच्या हद्दीत होते. १९६६ ते १९७५ या काळात त्या धक्क्यावर खेळणारी पाच लहान मुले पाण्यात पडून बुडाली, त्यांत तुर्की, इटालियन आणि जर्मन मुले होती. काठावर उभ्या असलेल्या पश्चिमेच्या अग्निशमन दलाला पाण्यात उतरण्याची परवानगी नव्हती, कारण ती सरहद्द ओलांडणे ठरले असते. पाचव्या मृत्यूनंतर, क्रॉइत्सबर्गच्या रहिवाशांच्या संतापानंतर, १९७५ च्या अखेरीस दोन्ही सरकारांत बचावकार्याविषयी तहनामा झाला. बुडणाऱ्या मुलाला वर काढण्याइतकी साधी गोष्ट मंजूर करून घ्यायला नऊ वर्षे लागली. ज्यांच्या मुलांचे प्राण गेले त्यांच्यापैकी अनेकांना कोणत्याही सभागृहासाठी मत नव्हते. सरहद्द, प्रतिनिधित्व आणि मनुष्याचे जीवित यांचा संबंध किती निकटचा आहे, हे कळण्यासाठी दुसऱ्या उदाहरणाची गरज नाही.

या मताविना असलेल्या बर्लिनचा सभासद म्हणून १९८५ साली बॉनला गेलेले एक वकील पुढे या मतदारसंघाचे सर्वांत प्रसिद्ध प्रतिनिधी झाले. त्यांचे नाव हान्स-क्रिस्टियान श्ट्रोबेले. १९३९ साली हाले येथे त्यांचा जन्म झाला. सत्तरीच्या दशकात सशस्त्र डाव्या गटाच्या आरोपींचे वकीलपत्र त्यांनी घेतले, आणि त्या कैद्यांमधील पत्रव्यवहाराच्या प्रकरणात न्यायालयाने त्यांना दोषीही ठरविले. बर्लिनच्या 'टागेसत्साइटुंग' या दैनिकाच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. आखाती युद्धाच्या वेळी इस्रायलविषयी केलेल्या कठोर वक्तव्यामुळे १९९१ साली त्यांना ग्रीन पक्षाचे प्रवक्तेपद सोडावे लागले. निष्कलंक पुरुष म्हणून त्यांचे चित्र रंगविण्याचा माझा हेतू नाही. त्यांचे महत्त्व निराळ्या ठिकाणी आहे.

नोव्हेंबर २००१ मध्ये अफगाणिस्तानच्या मोहिमेत सैन्य धाडण्याचा ठराव चान्सेलर श्र्योडर यांनी स्वतःवरील विश्वासठरावाशी जोडला. ग्रीन पक्ष सरकारात भागीदार होता आणि त्याच्या आठ सभासदांचा या मोहिमेला विरोध होता. सरकार पडू नये म्हणून त्यांच्यापैकी चौघांनी बाजूने आणि चौघांनी विरुद्ध मत द्यावे असे ठरले. सरकार अवघ्या दोन मतांच्या आधिक्याने तरले. विरोधात मत देणाऱ्या चौघांत श्ट्रोबेले होते. काही महिन्यांनी पक्षाच्या बर्लिन शाखेने यादी तयार केली, तेव्हा निवडून येण्याची खात्री असलेली जागा त्यांना मिळाली नाही. यादीचा दरवाजा बंद झाल्यावर त्यांनी मतदारसंघाचा दरवाजा ठोठावला, तोही असा, की ज्यातून ग्रीन पक्षाचा एकही सभासद देशात कोठेही तोवर आत गेला नव्हता. सायकलवरून, लाल मफलर गळ्यात अडकवून, आठवडी बाजारांतून आणि चौकाचौकांतून त्यांनी प्रचार केला. व्यंगचित्रकार गेरहार्ट झायफ्रीट यांनी काढलेले, माणसांच्या गर्दीने खच्चून भरलेले त्यांचे भित्तिपत्रक क्रॉइत्सबर्गच्या भिंतीभिंतींवर लागले. २२ सप्टेंबर २००२ रोजी शेकडा ३१.६ मते मिळवून ते विजयी झाले. ग्रीन पक्षाच्या इतिहासातला हा पहिला प्रत्यक्ष विजय, आणि पुढे २००५, २००९ आणि २०१३ या तिन्ही निवडणुकांत त्यांनी तो टिकवला. २००९ साली तर त्यांच्या मतांचे प्रमाण शेकडा ४७ च्या जवळ गेले.

या विजयाला दुसरेही एक अंग आहे. पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाचा वारस असलेल्या पीडीएस पक्षाला १९९४ साली देशभरात शेकडा ४.४ मतेच मिळाली होती, तथापि पूर्व बर्लिनमधील चार मतदारसंघ जिंकल्यामुळे त्याचे तीस सभासद संसदेत बसले. २००२ च्या नव्या आखणीत फ्रीडरिक्सहाइन शेजारच्या, पूर्व बर्लिनमधील लिख्टेनबेर्गपासून तोडून पश्चिमेच्या क्रॉइत्सबर्गला जोडले गेले, पीडीएसचे बालेकिल्ले विभागले गेले, आणि त्या पक्षाला शेकडा ४ मतांसह केवळ दोन मतदारसंघ राखता आले. तिसरा मिळाला असता तर सबंध गट संसदेत बसला असता. याचा अर्थ असा, की श्प्रे नदीवरून ओढलेल्या एका नव्या रेषेने एका बाजूला पक्षाने डावललेल्या माणसाला आसन मिळवून दिले, आणि दुसऱ्या बाजूला लक्षावधी मतदारांच्या पक्षाला जवळजवळ बाहेर ठेवले. रेषा आखणारा कारकून निष्पक्ष असला तरी रेषा कधीच निष्परिणाम नसते.

श्ट्रोबेले २०१७ साली निवृत्त झाले आणि २०२२ साली वारले. गुप्तहेर खात्यांवर देखरेख करणाऱ्या संसदीय समितीत त्यांनी वर्षानुवर्षे काम केले, आणि २०१३ साली मॉस्कोला जाऊन अमेरिकेच्या पाळतीची गुपिते उघड करणारे एडवर्ड स्नोडेन यांची भेट घेतली, तेव्हा त्यांच्यामागे पक्षाचा आदेश नव्हता. कामगारांच्या चाळींत लपलेल्या हस्तकाचे नाव सभागृहात घेणारे झिंगर आणि राज्याच्या कानाकोपऱ्यांतील कानांचा जाब विचारणारे श्ट्रोबेले हे एकाच मातीचे प्रतिनिधी होते, असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही; आणि तो आवरण्याचे कारणही दिसत नाही.

त्यांच्यानंतर २०१७ साली तुर्कस्तानातील मलात्या येथे जन्मलेल्या वकील जानान बायराम या ग्रीन पक्षाकडूनच निवडून आल्या, पण अटीतटीच्या लढतीत आणि शेकडा २६ च्या आसपास मतांनी. ज्या वस्तीतील पहिल्या पिढीला मत नव्हते, त्या वस्तीची प्रतिनिधी आता त्याच देशातून आलेली एक स्त्री झाली. २०२१ मध्ये त्या पुन्हा विजयी झाल्या. त्याच दिवशी बर्लिनच्या मतदारांनी मोठ्या गृहकंपन्यांची घरे सार्वजनिक मालकीत घ्यावीत या मागणीलाही बहुमताने कौल दिला, कारण घरभाडे हा आता या भागाचा सर्वांत जळता प्रश्न झाला आहे. शहराच्या त्या दिवशीच्या निवडणूक-कारभाराची मात्र नाचक्की झाली. मतपत्रिका अपुऱ्या पडल्या, रांगा रात्रीपर्यंत लांबल्या, आणि घटना न्यायालयाच्या हुकुमावरून बर्लिनच्या २,२५६ पैकी ४५५ मतदान विभागांत फेब्रुवारी २०२४ मध्ये फेरमतदान घ्यावे लागले. २०२५ साली बायराम उभ्या राहिल्या नाहीत, आणि पीडीएसच्या वारशातून आलेल्या आणि भाडेकरूंचा प्रश्न पुढे करणाऱ्या डाव्या पक्षाचे पास्काल मायझर यांनी हा मतदारसंघ जिंकला. भिंत पडल्यानंतर पस्तीस वर्षांनी, पूर्वेच्या वारशाचा पक्ष पश्चिमेच्या क्रॉइत्सबर्गलाही आपलासा वाटला.

तथापि दोन उणिवा नोंदविल्याशिवाय हे विवेचन पुरे होणार नाही. पहिली अशी, की येथे राहणारे, कर भरणारे, मुलांना शाळेत धाडणारे हजारो परदेशी नागरिक आजही बुंडेस्टागसाठी मत देऊ शकत नाहीत. इतकेच नव्हे, तर मतदारसंघांची आखणी करताना कायदा फक्त जर्मन नागरिकांचीच गणना करतो, त्यामुळे त्या माणसांची नोंद नकाशाच्या हिशेबातही होत नाही. दुसरी उणीव नवी आहे. संसदेची सभासदसंख्या बेसुमार वाढली म्हणून २०२३ च्या कायद्याने ती ६३० वर गोठविण्यात आली, आणि मतदारसंघ जिंकणाऱ्याला आसन तेव्हाच मिळेल, जेव्हा त्याच्या पक्षाच्या दुसऱ्या मतांच्या वाट्यात ते बसेल, असे ठरले. घटना न्यायालयाने २०२४ साली या नियमाचा गाभा कायम ठेवला. २०२५ च्या निवडणुकीत देशातील २३ विजयी उमेदवारांना याच कारणाने संसदेत जागा मिळाली नाही. त्यांच्या मतदारांनी त्यांना पहिले स्थान दिले, आणि ते घरीच राहिले. हिशेब काटेकोर झाला हे खरे. पण १८७९ साली बिस्मार्कच्या बहुमतानेही जे तत्त्व राखले होते, की निवडून दिलेल्या माणसाचे आसन कोणी काढून घेऊ नये, त्या तत्त्वाची किंमत देऊन तो काटेकोर झाला, असे माझे स्पष्ट मत आहे.

या साऱ्या वृत्तांताचे सार एवढेच, की प्रतिनिधी हा निश्चित भूमीवरील निश्चित माणसांना जबाबदार असला पाहिजे आणि त्याच वेळी सभागृहात त्याची विवेकबुद्धी मोकळी असली पाहिजे. या दोहोंपैकी पहिली गोष्ट वायमारमध्ये हरवली, दुसरी पूर्व जर्मनीच्या यादीत गाडली गेली, आणि श्प्रेच्या धक्क्यावर दोन्हींच्या अभावाची किंमत लहान मुलांनी दिली. जेथे दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, तेथे पक्षाने नाकारलेला माणूसही जनतेने सभागृहात बसविला.

मराठी वाचकाला हा दूरदेशीचा विषय वाटू नये, म्हणून शेवटी एक सांगणे आहे. आपल्या देशात राज्याराज्यांतील लोकसभेच्या जागांची वाटणी १९७१ च्या जनगणनेवर थांबविलेली आहे. १९७६ च्या घटनादुरुस्तीने ती गोठविली, २००१ च्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढविली, आणि महाराष्ट्राच्या जागा त्यामुळे ४८ च आहेत. ती वाटणी गोठविण्यामागची कारणे जर्मन सम्राटाच्या कारणांहून फार निराळी आणि अधिक प्रामाणिक होती, लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांना शिक्षा होऊ नये हा तिचा हेतू होता. पण तो प्रश्न आता पुन्हा राष्ट्रापुढे येत आहे, आणि त्याचा निकाल लावताना संख्येचा न्याय आणि प्रदेशाचा विश्वास या दोहोंना एकाच तराजूत तोलावे लागेल. तो निकाल केवळ तज्ज्ञांच्या समित्यांवर सोपवून स्वस्थ बसू नये. आपल्या मतदारसंघाची सरहद्द कोणी, केव्हा आणि कोणत्या गणनेवर आखली, हे प्रत्येक मतदाराने एकदा तरी तपासून पाहावे, आणि पुढील प्रकरणे वाचताना तो प्रश्न मनाशी जागा ठेवावा, एवढीच विनंती.